निमंत्रक सकपाळ सर

सकपाळ सरांना कुणी 'नमस्कार' म्हटलं की ते जागच्या जागी थांबत, चष्म्यावरून बघत आणि विचारत, "केलात, की नुसता म्हणालात?"

महाडच्या बाजारपेठेत, सकाळी सकाळी, हातात दुधाची पिशवी घेऊन उभ्या असलेल्या माणसाला या प्रश्नाचं उत्तर सुचत नाही. माझ्या वाट्याला हा प्रश्न पहिल्यांदा स्टाफरूममध्ये आला. मी कॉलेजात भूगोल शिकवायला नुकताच रुजू झालो होतो, नव्वद-एक्क्याण्णवचा सुमार असेल, आणि सगळ्यांना एकगठ्ठा नमस्कार करून खुर्ची शोधत होतो. सरांनी विचारलं. मी गांगरून खरं बोललो. म्हटलं, "म्हणालो." त्यावर ते खूश झाले आणि शेजारची खुर्ची पुढं ओढून म्हणाले, "प्रामाणिक आहात. बसा." त्या खुर्चीवर मी पुढं बारा वर्षं बसलो.

सर तर्कशास्त्र आणि तत्त्वज्ञान शिकवत. त्यांच्या वर्गात चार विद्यार्थी असत. त्यातले दोन, त्या वर्गातला पंखा चालतो म्हणून आलेले असत. सरांना त्याचं काही नव्हतं. त्यांचं सगळं लक्ष एका परदेशी तत्त्वज्ञाकडे लागलेलं होतं. त्याचं नाव इथं देत नाही, कारण सरांनी ते मला अनेकदा घोटून घेतलं तरी मला कधी धड उच्चारता आलं नाही. महाडात त्याला 'सरांचा साहेब' म्हणत. खाली राहणारे आमचे घरमालक हुसेनभाई तर 'साहेबाची तब्येत कशी हाय?' असंही विचारत. साहेब जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण सर उत्तर देत, "उत्तम."

या साहेबाचं चरित्र आणि विचार मराठीत आणायचे, असा सरांनी चंग बांधला होता. साहेबाचं म्हणणं थोडक्यात असं की, माणूस बोलतो तेव्हा तो नुसती माहिती देत नाही, तो काहीतरी करतो. 'मी वचन देतो' म्हटलं की वचन देऊन झालं. 'शाप देतो' म्हटलं की शाप सुटला. बोलणं हे हाता-पायांसारखंच काम करतं. मी सरांना म्हटलं, यात नवीन काय, हे तर कुणालाही माहीत असतं. सर म्हणाले, "माहीत असतं, पण ध्यानात नसतं. साहेबाच्याही ध्यानात यायला निम्मं आयुष्य गेलं." साहेबानं लग्न केलं नव्हतं. 'हो' म्हणणं हे केवढं मोठं कृत्य आहे, ते त्याला कळलं होतं म्हणून, असं सरांचं मत. मला वाटतं, त्याला कुणी विचारलं नसावं. सरांचंही लग्न झालेलं नव्हतं, म्हणून मी हे त्यांना कधी बोलून दाखवलं नाही.

साहेबाची उदाहरणं सगळी त्याच्या गावची. क्लब, पाद्री, दुपारचा चहा. ती महाडात कशी चालणार? म्हणून सर महाडातली उदाहरणं गोळा करत. खिशात लांबट वही असे आणि तोंडात एकच प्रश्न: "बोललात ते कळलं. केलंत काय?" हा प्रश्न त्यांनी प्राचार्यांना विचारला, न्हाव्याला विचारला, मतं मागायला आलेल्या उमेदवाराला विचारला. मासळीबाजारात एका बाईनं सुरमई 'शपथेनं ताजी' म्हणून सांगितली, तेव्हा तिलाही विचारला. ती म्हणाली, "ह्या मास्तराला मासली नको गो, ह्याला कोर्टात ने." सरांनी ते लगेच वहीत उतरवून घेतलं आणि मासळी न घेताच घरी आले. त्या दिवशी आम्ही दोघांनी पिठलं खाल्लं.

जे बोलणं काम करत नाही, त्याला सर 'फुसका बार' म्हणत. एकदा वर्गात हजेरी घेताना एका विद्यार्थ्यानं गैरहजर मित्राच्या नावावर 'हजर' म्हटलं. दुसऱ्या कुणी कान उपटले असते. सर आनंदानं उठून उभे राहिले. अस्सल फुसका बार, आणि तोही वर्गात चालून आलेला! पुढचे चार तास त्यांनी फक्त त्याच एका 'हजर'वर व्याख्यान दिलं, आणि शेवटी मुलाच्या नावानिशी ते पुस्तकात घालायचं ठरवलं. मुलाचे वडील कॉलेजात भांडायला आले, तेव्हा कुठं नाव वगळलं.

स्नेहसंमेलनाचं तर विचारू नका. प्रमुख पाहुणे 'उद्घाटन झालं असं मी जाहीर करतो' म्हणाले, तेव्हा नेमका माईक बंद होता. तिसऱ्या रांगेपलीकडे कुणालाच काही ऐकू गेलं नाही. सर उठून म्हणाले की, मग उद्घाटन निम्मंच झालेलं आहे. प्राचार्य दबक्या आवाजात म्हणाले, "सकपाळ, खाली बसा." सरांनी तितक्याच गंभीरपणे विचारलं, "ही आज्ञा की विनंती?" ते सबंध संमेलन सरांनी गेटबाहेरच्या टपरीवर काढलं, कारण त्यांच्या मते ते सुरूच झालेलं नव्हतं.

आम्ही अधूनमधून रविवारी सव गावच्या गरम पाण्याच्या कुंडावर जात असू. तिथं एक पाटी होती, 'साबण लावू नये.' खाली कुणाचं नाव नाही, सही नाही. ही आज्ञा कुणी केली, आणि करणारा कुणीच नसेल तर ती मोडता येते का, यावर सर काठावर बसून बोलत राहिले आणि मी आत पाण्यात उकडत राहिलो. शेवटी सरांनी साबण लावला नाही. मी विचारलं, का? म्हणाले, "पाटी लावणाऱ्याला वाईट वाटेल."

हे सगळं ऐकून माणूस विक्षिप्त आहे, एवढंच कळतं. मलाही बरीच वर्षं तेवढंच कळलं होतं. पण एका डब्यानं मला बुचकळ्यात टाकलं होतं.

हुसेनभाईंच्या माडीवर समोरासमोरच्या दोन खोल्यांत आम्ही राहत होतो. हुसेनभाईंची जीप महाड-पोलादपूर आणि वरच्या वाड्यांवर फिरायची. महिन्यातून एकदा ते पोलादपूरकडून येताना एक पितळी कडीचा डबा आणत आणि काही न बोलता सरांच्या दाराशी ठेवत. त्यात कधी म्हशीचं तूप, कधी नाचणीचं पीठ, कधी वरीचे तांदूळ. सर डबा आत घेत, घासूनपुसून लखलखीत करत आणि त्यात काहीतरी भरून हुसेनभाईंकडे परत देत. वह्या, पेन्सिली, पुढं पुढं पाठ्यपुस्तकं, एकदा छोटा शब्दकोश. मी विचारलं, "कोण पाठवतं?"

"कुणीच नाही," सर म्हणाले. "माझ्या दारात डबा असतो."

"आणि तुम्ही वह्या कुणाला पाठवता?"

"कुणाला नाही. डबा रिकामा परत देऊ नये, अशी रीत आहे."

मग हुसेनभाईंनी मला एकदा पायरीवर बसवून सगळं सांगितलं. सर मूळचे कुडपणचे. पोलादपूरच्याही वर, डोंगराच्या माथ्यावरचं गाव, म्हशी आणि नाचणीची शेती. वडील लहानपणीच गेले. थोरला भाऊ धोंडू, यानं गुरं राखून धाकट्याला पुण्याला शिकायला धाडलं. धाकट्याची एम. ए.ची परीक्षा चालू असताना आई गेली. ती जाताना धोंडूला सांगून गेली की, नामदेवाचे पेपर होईस्तोवर त्याला कळवू नका. धोंडूनं आईचा शब्द पाळला. पेपर संपवून, पेढे घेऊन नामदेव घरी आला तो तेराव्याच्या दिवशी. सगळी वाडी अंगणात जमलेली होती. तिच्यासमोर तो धोंडूला म्हणाला, "आजपासून तू माझा भाऊ नव्हेस." आणि उतरून खाली आला तो परत वर चढला नाही.

"रागात बोलला," हुसेनभाई म्हणाले. "वाडी तेव्हाच इसरली. धोंडूदादा पण इसरला. पण हे कसले इसरतात? ह्यांच्या साहेबानं सांगून ठेवलंय ना, बोललं म्हंजे झालं."

मी जरा धीर करून सरांपाशी विषय काढला. म्हटलं, रागाच्या भरात सगळेच बोलतात. सर म्हणाले, "रागाच्या भरात लाथ मारली तर लागत नाही का?" मग माफी मागा, मी म्हटलं. त्यावर त्यांनी मला शांतपणे सगळा पेच समजावून दिला. माफी कुणी मागायची? भाऊ म्हणून मागावी, तर ते नातं आपण भर वाडीत मोडून बसलो. परका म्हणून मागावी, तर परक्याचा तिथं संबंध काय? भूगोलात असा पेच कधी पडत नाही. नदी अडली तर वळसा घेते.

त्यांच्या पुस्तकाची प्रकरणंही मी पाहिली होती. आज्ञा, वचन, शाप, शपथ, नामकरण, सगळी भरगच्च, महाडच्या उदाहरणांनी ठासून भरलेली. एकच फाइल रिकामी होती. तीत एक कागद, त्यावर वर 'क्षमा' आणि खाली काही नाही. अकरा वर्षं तो कागद तसाच होता. साहेबानं याच्यावर काय लिहिलंय, असं मी विचारलं. सर म्हणाले, साहेबानंही हे प्रकरण पुढं ढकललं होतं, आणि मग तो गेला.

एकोणीसशे नव्व्याण्णवच्या उन्हाळ्यात एके सकाळी हुसेनभाई माडीवर आले. हातात लग्नपत्रिका. धोंडूदादाच्या मुलीचं, मंदाचं लग्न होतं. डब्यातल्या वह्या-पुस्तकांवर शिकून ती पोलादपूरच्या शाळेत शिक्षिका झाली होती. हुसेनभाईंची जीप लग्नाला सांगितलेली होतीच, शिवाय त्यांना पाहुणे म्हणूनही बोलावणं होतं.

आमच्याकडच्या पत्रिका म्हणजे मतदारयादीच असते. मुंबईचं मंडळ, गावचं मंडळ, आत्या, मावश्या, साडू, सगळ्यांची नावं. एकाचं नाव राहिलं तर पिढी दोन पिढ्या बोलणं बंद. हुसेनभाईंनी पत्रिकेवर बोट ठेवलं. 'निमंत्रक' या शब्दाखाली पहिलंच नाव होतं, प्रा. नामदेव सकपाळ, एम. ए. (चुलते).

सरांनी ते दोनदा वाचलं. मग विचारलं, "माझी पत्रिका?"

हुसेनभाईंपाशी सरांसाठी वेगळी पत्रिका नव्हती. कुणी दिलीच नव्हती.

पुढचे आठ दिवस माडीवर फक्त हाच विषय होता. सरांचं म्हणणं असं की, आपल्या नावानं आवतण गेलं, पण आपण ते दिलेलं नाही. आपल्याला कुणी विचारलं नाही. म्हणजे फुसका बार. शिवाय आपल्याला स्वतःला आवतण नाही, आणि आवतणाशिवाय जाणं म्हणजे आगंतुकपणा. मी म्हटलं, "अहो, घरच्या माणसाला कुणी आवतण देतं का?" सर म्हणाले, "घरचा असल्याचा पुरावा काय?" मी पत्रिका दाखवली. ते म्हणाले, ती तर फुसकी ठरली. असं ते गोल गोल फिरत. तोंडानं वाद चालू होता, पण रात्रीचं जेवण त्यांनी जवळजवळ सोडलं होतं. आठ दिवसांत त्यांनी नवी धोतरजोडी आणली, परत दिली, पुन्हा आणली. ती मुलगी त्यांनी जन्मात एकदाच पाहिली होती, पाळण्यात असताना. लग्न होऊन ती मुंबईला जाणार होती. आता नाही तर कधीच नाही, हे त्यांनाही कळत होतं.

लग्नाच्या सकाळी हुसेनभाई नवा पांढरा सदरा घालून वर आले. सर जुन्याच लेंग्यात खुर्चीत बसलेले. हुसेनभाई दारातूनच म्हणाले, "सर, मी निघू का?"

"निघा की."

"कुणाच्या आवतणानं जाऊ? मला बोलावणारे तुमी. हितं छापलंय. मी पोचलो आणि तुमी नसलात, तर माज्या इज्जतीचं काय?"

कोपऱ्यात तो डबा होता. महिना होऊन गेला होता, पहिल्यांदाच तो परत गेला नव्हता. झाकण उघडं होतं आणि आत साखर भरलेली होती, काठोकाठ. मला त्या क्षणी त्यांचा फार राग आला, आणि त्यांच्याच चालीवर माझ्या तोंडून निघून गेलं, "सर, केलंत ते इतकी वर्षं दिसतंय. बोलणार कधी?"

सर उठले आणि धोतर नेसायला आत गेले.

पोलादपूर सोडून आंबेनळी घाटाच्या रस्त्याला लागलं की एक फाटा फुटतो. तिथून चढ, वळणं, आणि मग जीपलाही दम लागतो असा कच्चा रस्ता. एरवी मी डोंगरांची नावं सांगत बसलो असतो. सरांनी डबा मांडीवर धरला होता, दोन्ही हातांनी.

मांडव घरापुढच्या खळ्यावर घातला होता. आम्ही पोचलो तेव्हा अक्षता पडून गेल्या होत्या, जेवणाच्या पंगती मांडल्या जात होत्या. सर मांडवाच्या दाराशी आले आणि थांबले. मला वाटलं, आता परततात. पण ते आत गेले नाहीत आणि मागंही फिरले नाहीत. ते वळले, दाराच्या एका अंगाला उभे राहिले आणि येणाऱ्या पाहुण्याला वाकून, दोन्ही हात जोडून म्हणाले, "नमस्कार. या."

पत्रिकेत निमंत्रक म्हणून नाव आहे ना? मग निमंत्रकानं दारात उभं राहायला हवं. आवतण फुसकं ठरू द्यायचं नसेल, तर ते खरं करायला हवं. तासभर सर तिथं उन्हात उभे होते. प्रत्येक माणसाला वेगळा नमस्कार. एकही नुसता म्हटलेला नव्हता. वाडीतल्या म्हाताऱ्या बायका त्यांच्याकडे बघून एकमेकींना कोपरानं ढोसत होत्या. नवरी मान वाकडी करून मुंडावळ्यांमधून बघत होती. डबा तसाच त्यांच्या पायाशी होता.

धोंडूदादा पंगतीत भात वाढत होते. डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, हातात घमेलं. रिकामं घमेलं घेऊन ते चुलीकडे जात, भरून परत येत, आणि प्रत्येक वेळी दारावरूनच जात. दोनदा गेले. तिसऱ्यांदा गेले. दोघांपैकी कुणी मान वर केली नाही. हुसेनभाई माझ्याजवळ उभे होते. ते हळूच म्हणाले, "दोगं पण म्हशीसारखे हट्टी."

चौथ्या खेपेला धोंडूदादा भरलेलं घमेलं घेऊन दाराशी आले आणि थांबले. घामानं त्यांचा सदरा पाठीला चिकटला होता. सरांच्या पायांकडे, डब्याकडे बघत म्हणाले, "जेवलास का रं?"

सरांचा चष्मा खाली घसरला होता. तो वर सारायचंही त्यांना सुचलं नाही. शेवटी ते म्हणाले, "पाहुण्यांचं होऊ दे आधी, दादा."

धोंडूदादांनी मान हलवली. मग त्यांनी घमेलं सरांच्या हातात दिलं. "मग धर हे," म्हणाले, "डाव्या पंगतीला कमी पडलंय."

आणि डबा उचलून ते घरात गेले.

तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक भात कसा वाढतो ते मी त्या दिवशी पाहिलं. वाईट वाढतो. एकाच्या पानावर डोंगर, दुसऱ्याच्या पानावर चार शितं. पण कुणी काही म्हणालं नाही. मला भरून आलं होतं, आणि भूकही लागली होती, म्हणून मी मुकाट्यानं डाव्या पंगतीत जाऊन बसलो. माझ्या पानावर डोंगर आला.

उतरताना जीपमध्ये मला राहवलं नाही. मी विचारलं, "सर, दादा बोलले ते कळलं. केलं काय?" सर खिडकीबाहेर बघत राहिले. उत्तर द्यायचं त्यांनी टाळलं, असं मी म्हणणार नाही. बहुधा त्यांना ऐकूच गेलं नसावं. पोलादपूर आलं तेव्हा ते एवढंच म्हणाले की, साखर जरा जास्त भरली गेली.

पुस्तक दोन वर्षांनी टाइप करायला गेलं. महाडात एका मुलीनं नवा कॉम्प्युटर घेऊन लग्नपत्रिका आणि प्रकल्पांच्या वह्या टाइप करण्याचं दुकान टाकलं होतं, तिच्याकडे. मी मुद्रितं तपासायला सरांबरोबर बसलो होतो. तिनं एक कागद वेगळा काढून सरांपुढं धरला. म्हणाली, "सर, हे क्षमेचं प्रकरण. यात चुकून तुमच्या घरचं काहीतरी आलंय. वर प्रकरणाचं नाव आहे आणि खाली नुसत्या दोनच ओळी. 'जेवलास का?' आणि 'पाहुण्यांचं होऊ दे आधी.' हे काढू ना?"

सरांनी कागद हातात घेतला, वाचला आणि तिला परत दिला.

"राहू दे," ते म्हणाले. "तेवढंच आहे."